तुम्ही विचारलंत म्हणून: पतसंस्थेने फेसबुकवर बोलावेच कशाला?

हा प्रश्न मला आमचे संचालक विचारतात, शेजारच्या संस्थांचे व्यवस्थापक विचारतात आणि रात्री नऊनंतर हातात फोन दिसला की घरचेही विचारतात. सभासदाला शंका असेल तर तो शाखेत येईल, समोर बसून विचारील. चारचौघांत पैशाची चर्चा कशाला, मोठ्या बँका करतात म्हणून आपणही करायचे का, असा सगळ्यांचा सूर असतो. आजवर मी प्रत्येकाला त्याच्या सवडीपुरते तुकड्यातुकड्याने उत्तर दिले आणि कोणाचेच समाधान झाले नाही, म्हणून आता एकदा सलग सांगते.

आधी एक कबूल करते. पतसंस्थांच्या फेसबुक पानांविषयी तुम्हाला कंटाळा असेल तर तो रास्त आहे. अध्यक्षांचे अभीष्टचिंतन, दिवाळीच्या शुभेच्छा, नव्या शाखेची फीत कापतानाचे छायाचित्र आणि वर्षातून एकदा ऑडिट वर्ग ‘अ’ मिळाल्याची जाहिरात, याला सभासदांशी संवाद म्हणत नाहीत. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातले आमचे पानही अनेक वर्षे असेच होते. त्याहून वाईट म्हणजे ते तसेच राहावे अशी व्यवस्था मीच केली होती. 2017 साली मी सर्व शाखांना एक परिपत्रक काढले, ‘समाजमाध्यमांवर आलेल्या कोणत्याही प्रश्नास कर्मचाऱ्यांनी उत्तर देऊ नये, संबंधितांस शाखेत येण्याची विनंती करावी.’ त्या काळची मी आज तावातावाने तुमच्याच बाजूने भांडली असती.

सप्टेंबर 2019 मध्ये पितृपक्ष चालू होता. 24 तारखेला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध जाहीर झाले आणि खात्यामागे फक्त 1,000 रुपये काढता येतील, हे वाक्य दूरचित्रवाणीवर दिवसभर फिरत राहिले. ती मुंबईची बहुराज्यीय बँक, आम्ही तालुक्याची पतसंस्था. आमचा तिच्याशी एका पैशाचाही संबंध नव्हता. तरीही गुरुवारी संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप गटांवर आमच्या मुख्य शाखेचे शटर बंद असल्याचे छायाचित्र आले आणि त्याखाली मजकूर होता की इथेही उद्यापासून हजारच मिळणार. छायाचित्र खरे होते. कोणीतरी ते रविवारी काढले होते.

रात्री साडेआठला आमच्या तरुण लिपिकाचा फोन आला. आपल्या पानावर अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या फलकाखाली लोक विचारत आहेत, उत्तर देऊ का मॅडम, असे तो म्हणाला. मी नाही म्हणाले. अफवेला उत्तर दिले की तिला वजन येते, जबाबदार वित्तसंस्था असल्या ठिकाणी खुलासे करत नाहीत, आणि परिपत्रक आहेच, अशी तीन कारणे मी त्याला दिली. खरे कारण चौथे होते आणि ते मी स्वतःलाही धड सांगितले नव्हते. त्या फलकाखाली एक प्रश्न असा होता, ‘बँकेत एक लाखाचा विमा असतो म्हणे, आपल्या ठेवीला आहे का?’

या प्रश्नाचे खरे उत्तर एका शब्दाचे होते आणि ते ‘नाही’ असे होते. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण व्यापारी बँकांना असते, सहकारी बँकांना असते. सहकार कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्थेला नसते. आमच्या माहितीपत्रकात मात्र वर्षानुवर्षे ‘सुरक्षित ठेव’ असे दोन शब्द ठळक छापलेले होते आणि सभासदांपैकी कितीजणांना हा फरक ठाऊक आहे, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

शुक्रवारी नऊ वाजता रांग चौकातल्या वडाच्या पारापर्यंत गेली होती. मी जिल्हा बँकेतली गुंतवणूक मोडून रोकड आणवली आणि दिवसभर कोणालाही परत पाठवले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. पण जो धंदा वर्षाच्या ठेवी घेऊन पाच वर्षांची कर्जे देतो, त्याच्याकडे सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी देण्याइतकी रोकड कधीच नसते. संस्था कितीही निरोगी असो, रांग पुरेशी लांब झाली की अफवा खरी होते. त्या दिवशी आम्ही खोटे ठरण्यापासून किती दूर होतो, हे मी हिशेबनीसाखेरीज कोणाला सांगितले नाही.

दुपारी एक निवृत्त अंगणवाडी सेविका माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. त्यांच्या ठेव पावतीची मुदत फेब्रुवारीत संपणार होती. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मावशी, ठेवी सुरक्षित आहेत, आत्ता मोडलीत तर व्याज कापले जाईल.” त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ते नव्हे मॅडम. विमा आहे का, ते विचारलं होतं. नातवाकडून काल रात्री लिहून घेतलं. बारा वाजेपर्यंत बघत होतो आम्ही, उत्तर येतंय का म्हणून.” मग मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, “मग मोडा.” पावतीवर सही करताना त्यांचा हात थरथरत नव्हता, माझा थरथरत होता. कापलेल्या व्याजाचा आकडा मी त्यांना दाखवला. तो त्यांनी पाहिलाही नाही.

या प्रसंगावरून मी काय शिकले, असे विचारू नका, कारण माझी आदली आवृत्ती इथे एक बिनतोड मुद्दा मांडते. आदल्या रात्री ‘विमा नाही’ असे पानावर लिहिले असते तर मावशी तर आल्याच असत्या, शिवाय आणखी पन्नासजण आले असते. खरे बोलून एकही पावती मोडण्यापासून वाचली नसती. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणते की शटरच्या छायाचित्राला उत्तर देता आले असते, हाताशी किती रोकड आहे ते सांगता आले असते, आणि एका अडचणीच्या प्रश्नापायी मी सोप्या प्रश्नांनाही तोंड मिटून बसले. जबाबदार संस्था असल्या ठिकाणी बोलत नाहीत, हे माझे दुसरे कारण तर चारच दिवस टिकले. 1 ऑक्टोबरला खुद्द रिझर्व्ह बँकेने ट्विटरवर लिहिले की काही ठिकाणी सहकारी बँकांसह काही बँकांबद्दल अफवा आहेत, बँकव्यवस्था सुरक्षित आणि स्थिर आहे, घाबरण्याचे कारण नाही. तो दिलासाही बँकांपुरता होता. पतसंस्थांसाठी कोणी बोलणार नव्हते.

माझा मुद्दा खरे तर इथेच आहे, आणि तो तुमच्या ‘मोठ्या बँका करतात म्हणून आपणही’ या टोमण्याच्या नेमका उलट आहे. मोठ्या बँकेच्या मागे रिझर्व्ह बँक असते, विमा असतो. तिला गप्प राहणे परवडते. आमच्यामागे फक्त सभासद आहेत. देशातली अगदी सुरुवातीची एक पतसंस्था 1889 साली बडोद्यात मराठी माणसांनी उभी केली, तिचे नावच ‘अन्योन्य’, म्हणजे परस्परांची, असे होते. एकाच शहरात राहणारी, एकमेकांना ओळखणारी ती माणसे होती आणि ओळख हेच त्यांचे तारण होते. आमचे सभासद आता हजारांत आहेत, निम्मे पुण्या-मुंबईला असतात, आणि ते एकमेकांना भेटतात ते फोनवरच. कागदावर एक सभासद, एक मत असे आहे. हजार रुपयांचा भाग घेणारा आणि लाखाचा घेणारा सारखेच मालक आहेत. त्या मालकांची बैठक फोनवर रोज भरलेली असते आणि तिथे संस्थेची खुर्ची तेवढी रिकामी असते.

वार्षिक सभा आहे की, असे तुम्ही म्हणाल. रांग लागण्याआधी दोनच आठवडे आमची सभा झाली होती. अहवालात तरलतेचा, म्हणजे हाताशी किती रोकड आहे त्याचा, आकडा होता, थकबाकीचा होता. ‘मंजूर, मंजूर’ करत वीस मिनिटांत विषयपत्रिका संपली आणि उरलेला वेळ नाश्त्याची पाकिटे वाटण्यात गेला. त्या सभागृहात कोणी विम्याचा प्रश्न विचारला नाही, कारण व्यासपीठाकडे तोंड करून उभे राहण्याचे धाडस अंगणवाडीतल्या बाईंना होत नाही. नातवाकडून लिहून घेण्याचे होते.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला ठेवी, कर्जे, थकबाकी आणि हाताशी असलेली रोकड पानावर येते, आणि सर्वांत वर विम्याचे उत्तर कायम असते. फेब्रुवारी 2020 मध्ये बँकांचा ठेव विमा पाच लाखांवर गेला तेव्हा ते उत्तर काढून टाका, असा आग्रह दोन संचालकांनी धरला. आमच्याच त्या ओळीचा फोटो दाखवून दुसऱ्या संस्थेच्या, दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाने आमचे काही ठेवीदार नेले, जणू त्याच्या पतसंस्थेला विमा होता. ते गेले ते गेलेच. संचालकांचे चुकले असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

आणि एक अडचण मला अजून सुटलेली नाही. तक्रार करणाऱ्याला सगळे लिहिता येते, आम्हाला येत नाही. परवा एका कर्जदाराने लिहिले की संस्थेने विनाकारण त्याच्या जामीनदाराला नोटीस पाठवली. त्याचे किती हप्ते थकले आहेत, त्याला किती वेळा मुदत दिली, हे सगळे माझ्यासमोर पडद्यावर होते, पण त्याचे खाते चारचौघांत उघडण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या लिखाणाखाली सभासदांची सहानुभूती जमा होत होती. मी चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या. अखेर, ‘कृपया शाखेत येऊन भेटावे,’ एवढेच लिहून फोन खाली ठेवला.