अण्णांचं अक्षर

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत अण्णांनी तीस वर्षं वह्या लिहिल्या. परवा त्या काढून बसलो. जुन्या वहीतला 'श्री' चिंचोक्याएवढा, शेवटच्या वहीतला मोहरीएवढा. त्याच्याही आधी एकदा म्हणाले होते, "जर्द्याचा वास येईना बघ मला." आम्ही हसलो होतो. पार्किन्सन या मेंदूच्या आजारात वास जाणं हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

मला छळणारा प्रश्न दुसराच. मेंदूत अब्जावधी पेशी, मग मध्यमेंदूतल्या त्या काळपट पट्ट्यातल्याच, सबस्टॅन्शिया नायग्रातल्याच, एवढ्या का मरतात? तिथल्या डोपामिन पेशीचा, म्हणजे हालचालीला लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशीचा, पसारा अफाट असतो. माणसात एकेकीच्या जोडण्या दहा लाखांवर असाव्यात, असा अंदाज आहे. वर ती कुणी सांगायची वाट न बघता आपली आपण विजेचे ठोके देत राहते. दर ठोक्याला कॅल्शियम आत शिरतं आणि ते उपसण्यात ऊर्जा जाते. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, राबून राबून थकतात, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, त्यात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या. शेजारच्या भागातल्या डोपामिन पेशी मात्र बऱ्याच तगतात. त्यांच्यातल्या बऱ्याच पेशींत कॅल्शियम धरून ठेवणारं कॅल्बिंडिन असतं.

अण्णांना हे सांगितलं.

"म्हणजे हमालागत की रे. लई वझं उचलणारा आधी बसतोय."

नऊला लेव्होडोपाची, मेंदूत जाऊन डोपामिन होणाऱ्या औषधाची, गोळी दिली. तासाभरानं त्यांनी सही करून दाखवली. पहिली दोन अक्षरं ठसठशीत, पुढची बारीक होत गेलेली.