टेनिस एल्बो रिहॅब लॉग: दुखणं गेलं, ताकद यायचीये

टेनिस एल्बो म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं, मला ते बॅडमिंटन खेळताना झालं. आधी आत्ताची स्थिती सांगते. रोजच्या कामात उजवं कोपर आता दुखत नाही, टॉवेल पिळताना, भरलेली बाटली उचलताना, दाराची मूठ फिरवताना जी सणक जायची ती बंद झालीये. कोर्टवर फोरहँडचे स्ट्रोक, नेट प्ले, ड्रॉप सुरू आहेत. बॅकहँड क्लिअर (शटल उंच, पार मागे मारणं) आणि जोरात ड्राइव्ह (सपाट फटका) मात्र अजून बंदच ठेवलेत, आणि सगळे हेच विचारतात की दुखत नाही तर मग थांबलीयेस कशाला.

थांबलीये ते आकड्यामुळे. फिजिओकडे ग्रिप डायनामोमीटर, म्हणजे पकडीची ताकद मोजायचं यंत्र आहे, त्यावर कोपर सरळ ठेवून हळूहळू दाबत जायचं आणि दुखायला लागतंय असं वाटलं की तिथेच थांबायचं, याला पेन फ्री ग्रिप म्हणतात. सुरुवातीला उजव्या हाताचा आकडा डाव्याच्या निम्म्याहूनही कमी होता. आता शेवटपर्यंत दाबलं तरी दुखत नाही, पण आकडा अजूनही डाव्याच्या मागेच आहे, आणि मी उजव्या हाताने खेळते म्हणजे तो खरं तर पुढे असायला हवा. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, दुखणं आधी जातं आणि ताकद बरीच मागून येते, आणि त्या मधल्या काळात लोक फुल गेम सुरू करतात आणि परत पहिल्यापासून सगळं.

आता ही ताकद नेमकी कशाची? कोपराच्या बाहेरच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो तो लॅटरल एपिकॉन्डाइल. तिथून मनगट वर उचलणारे स्नायू निघतात, त्यातला एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस, म्हणजे ईसीआरबी, हा आपला मुख्य पेशंट. तो खाली तिसऱ्या मेटाकार्पलला, म्हणजे मधल्या बोटामागच्या तळहाताच्या हाडाला जाऊन जोडला जातो. म्हणूनच तपासताना मधलं बोट वर उचलायला लावून त्यावर दाब देतात आणि कळ येते कोपरात. मला गंमत वाटली ती मुठीची. बोटं मिटवणारे स्नायू मनगटावरून जातात, त्यामुळे मूठ आवळली की ते मनगटालाही आत वाकवू बघतात, आणि मनगट वाकलं की पकड ढिली पडते. ते होऊ नये म्हणून वरच्या बाजूचे स्नायू मनगट धरून ठेवतात, साधारण २० ते ३५ अंश मागे असताना पकड सगळ्यात घट्ट बसते. थोडक्यात रॅकेट जेवढी आवळाल तेवढं ईसीआरबीवर ओझं, मग तुम्ही मारताय की नुसतं सर्व्हिसची वाट बघत उभे आहात याने फरक पडत नाही. बॅकहँड क्लिअरमध्ये वरून आणखी फटक्याचा धक्का येतो.

बरेच जण म्हणतात सूज आहे, बर्फ लावा, गोळी घ्या. जुनाट टेनिस एल्बोमध्ये टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात, सूज हा मुख्य प्रश्न नसतोच. १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या टेंडनचं वर्णन केलं, त्यात कोलॅजनचे धागे विस्कटलेले, नको तिथे नवीन रक्तवाहिन्या, पण सूज आणणाऱ्या पेशी फारशा नाहीत. विस्कटलेले धागे नीट लागायला त्यांच्यावर ताण पडावा लागतो, नुसत्या आरामाने कळ कमी होते पण टेंडन तिथेच राहतो.

स्टेरॉइड इंजेक्शनचं पण लिहितेच, कारण घाई असणारे त्याच्याकडेच वळतात आणि पहिले काही आठवडे खरंच मस्त वाटतं. २०१३ मध्ये जामा जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात एका वर्षानंतर बघितलं तर स्टेरॉइड घेतलेल्या ५४ टक्के लोकांना परत त्रास झाला होता, नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के. मी घेतलं नाही. ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांनीही खचून जाऊ नये, सचिनचं २००५ मध्ये झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने ३५वं कसोटी शतक मारलं.

व्यायामाची गाडी कुठवर आली ते सांगते. सुरुवात आयसोमेट्रिकने, म्हणजे न हलता ताकद लावून, हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर, हातात हलकं डंबेल आणि मनगट किंचित वर धरून नुसतं थांबायचं, ३० ते ४५ सेकंद. हलवायचं काही नाही, पण पहिल्या टप्प्यात यानेच सगळ्यात जास्त आराम मिळाला. मग हळू वरखाली, वर जाताना तीन सेकंद, खाली येताना चार. खाली येताना स्नायू लांब होत होत वजन पेलतो, तो भाग उरकायचा नाही. रबरी बार पिळून करायचा टायलर ट्विस्टही त्याच तत्त्वावर, त्याचा २०१० चा मूळ अभ्यास फक्त २१ जणांवर होता, तरी व्यायाम चांगला आहे, मी अजून करते.

आत्ता आहे तो टप्पा अवघड आहे, तेच मनगटाचे व्यायाम पण कोपर सरळ ठेवून. ईसीआरबी दंडाच्या हाडावरून निघतो म्हणजे कोपर ओलांडून जातो, त्यामुळे कोपर सरळ आणि तळवा खाली असला की तो आधीच ताणलेला असतो. कोपर वाकवून जे वजन सहज उचलत होते ते सरळ हाताने निम्मं करावं लागलं. आणि बॅकहँडला कोपर जवळजवळ सरळच होतं ना, त्यामुळे या स्थितीतली ताकद आल्याशिवाय तो शॉट मागायचाच नाही असं ठरवलंय. सोबत डंबेल एका टोकाला धरून हात फिरवायचा, तळवा वर मग खाली (सुपिनेशन प्रोनेशन), कारण बॅडमिंटनमधला बराचसा वेग त्या फिरवण्यातूनच येतो.

किती दुखलेलं चालेल हा प्रश्न सगळ्यांचा. फिजिओने दिलेला नियम असा, व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नको. सकाळी वाढलेलं असलं की वजन एक पायरी खाली, बंद नाही करायचं. मी रोज उठल्यावर मूठ आवळून बघते आणि वहीत लिहिते, व्यायाम करतानाच्या दुखण्यापेक्षा सकाळचा हा आकडा जास्त खरं बोलतो.

खांद्याचं थोडक्यात. रबर बँडने एक्स्टर्नल रोटेशन (हात बाहेरच्या बाजूला फिरवणं), रोइंग (बँड मागे ओढणं), आणि पुशअपच्या शेवटी खांद्याची पाती पुढे ढकलायची, सेरेटस अँटिरिअर या पातं पुढे ओढणाऱ्या स्नायूसाठी. खांदा आणि पातं जोर देत नसतील तर तो जोर मनगट काढतं आणि बिल कोपराला येतं.

रॅकेटमध्ये दोनच बदल. स्ट्रिंग टेन्शन २७ पाउंडवरून २४ वर आणलं, मऊ जाळीत धक्का कमी जाणवतो आणि मधोमध न लागलेला शटलही बऱ्यापैकी जातो. आणि एक ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) जास्त, कारण बारीक मूठ आपोआप जास्त आवळली जाते. पण खरा सराव ग्रिप सैल ठेवायचा, बोटं फक्त शटल लागायच्या क्षणी आवळायची आणि लगेच सोडायची. भिंतीवर हळू बॅकहँड मारत हेच घोटतेय, जोर शून्य.

एक गोष्ट काळजीने सांगते. बोटांना मुंग्या, बधिरपणा, बोटं सरळ करायला जोर न लागणं, मानेतून खाली येणारी कळ, किंवा दुखणं उंचवट्यावर नसून तीनचार बोटं खाली स्नायूत असणं, यातलं काही असेल तर हे व्यायाम करत बसू नका, आधी डॉक्टरला दाखवा. रेडियल नर्व्ह दबली असेल किंवा त्रास मानेतून येत असेल तर तोही टेनिस एल्बोसारखाच वाटतो आणि उपाय वेगळे असतात.

पुढचं ठरलंय ते असं, सरळ कोपराने डाव्या हाताएवढं वजन उजव्याने उचलता आलं आणि ग्रिपचा आकडा डाव्याच्या पुढे गेला की आधी हाताने दिलेल्या शटलवर अर्ध्या जोराचे बॅकहँड, एक दिवस आड. सकाळचा आकडा वाढला नाही तर मग क्लिअर, आणि मॅच सगळ्यात शेवटी. कोणी सरळ कोपराच्या टप्प्यातून गेलं असेल तर वजन किती किती वाढवत नेलं ते नक्की लिहा, मला तिथेच अडखळायला होतंय.