जुळी माहेरची की सासरची?

माझी मुलगी आणि मुलगा जुळे आहेत असे कळले की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: ‘जुळी माहेरकडून आली की सासरकडून?’ तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एकाच पाळीचक्रात दोन स्त्रीबीजे सुटून दोन्ही फलित झाली, तर माझ्या मुलांसारखी भिन्न जुळी होतात. बीज सोडणे हे आईच्या बीजकोशाचे काम असल्यामुळे सासरी कितीही जुळी असली, तरी माझ्या गर्भारपणाशी त्यांचा संबंध नव्हता. तो वारसा वडिलांमार्फत माझ्या मुलीकडे मात्र उतरू शकतो. तंतोतंत सारखी जुळी एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात, हजार प्रसूतींमागे साधारण चार, आणि त्यात घराण्याचा हात सहसा नसतो.

माझ्या माहेरीही जुळी नाहीत. मी तेव्हा ३६ वर्षांची होते आणि हे माझे दुसरे बाळंतपण होते. पस्तिशीनंतर बीजांचा साठा अधिक वेगाने घटू लागतो, तसा मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून बीज पिकवणाऱ्या एफएसएच संप्रेरकाचा जोर वाढतो आणि कधी एकाऐवजी दोन बीजे पिकतात. म्हणजे ज्या वयात दिवस राहणे अवघड होत जाते, त्याच वयात जुळ्यांची शक्यता वाढते. हे समजल्यावर मी कितीतरी वेळ थक्क होऊन बसले होते.

जुळी व्हावीत म्हणून काय करावे, असेही काही जणी विचारतात. बीज पिकवणाऱ्या गोळ्यांनी शक्यता वाढते हे खरे आहे, पण त्या वंध्यत्वावरच्या उपचारासाठी आहेत, हौसेसाठी नाहीत. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, आणि आईला रक्तदाब व रक्तक्षय यांचा धोका अधिक असतो. माझी मुले ३४व्या आठवड्यात झाली; ते पहिले दिवस मी काचेच्या पेटीबाहेर उभी राहून काढले आहेत.

म्हणून जुळी आहेत असे कोणी सांगितले की मी माहेर-सासर विचारत नाही, वार (गर्भाशयात बाळाला नाळेतून पोषण पुरवणारा अवयव) एक आहे की दोन, हे विचारते. वार एकच असेल तर एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू शकते, आणि ते वेळीच दिसावे म्हणून १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी करावी लागते. अहवालात त्यासाठी ‘मोनोकोरिऑनिक’ (एक वार) किंवा ‘डायकोरिऑनिक’ (दोन वारा) असा शब्द असतो. तो दिसला नाही, तर चौदावा आठवडा उलटण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण पुढे ते ओळखणे कठीण होत जाते.