पर्जन्यमापक, नोंद 14: हिरव्या टेस्ट आणि हरवलेली एक रात्र

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, माझ्या पर्जन्यमापकाच्या प्रोग्रॅमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, आहेत, आता पाऊस येऊ दे. तो आला. शुक्रवारी रात्रभर चिपळुणात नुसता कोसळत होता. शनिवारी सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याचा पावसाचा दिवस संपतो तेव्हा, तक्ता उघडला तर शनिवारची ओळच नाही. बकेट किती वेळा कलंडली ते मोजणारा काउंटर शून्यावर. शेजारच्या काकांच्या साध्या काचेच्या मापकात 91 मिलिमीटर!

पाणी भरलं की कलंडणारी बकेट ठीक होती, प्रत्येक कलंडणं, म्हणजे एक टीप, ओळखणारा चुंबकाचा रीड स्विचही. (तो बदलल्यापासून एकही खोटी टीप नाही. पहिला जिथून मागवला, त्या दुकानातून पुन्हा काही घेणार नाही.) घोळ निघाला दिवस_बंद_करा() मध्ये. हे फंक्शन स्वतः काहीच करत नाही. टिपा_वाचा, मिमी_काढा, नोंदवा, काउंटर_शून्य_करा, अशा चार हाका मारतं आणि संपतं. आधी टेस्ट मग कोड हा नियम पाळायचा म्हणून मी चारही जागी मॉक, म्हणजे खऱ्या फंक्शनऐवजी नुसती हाक नोंदणारे तोतये, बसवले होते आणि प्रत्येकाला एकदा हाक गेली का, एवढंच तपासत होतो.

दोन आठवड्यांपूर्वी आवराआवर करताना शेवटच्या दोन ओळी वरखाली झाल्या. शून्य आधी, नोंद नंतर. हाका चारही जात होत्या, म्हणून टेस्ट हिरव्याच. त्यात शनिवारी सकाळी मी जुने आकडे दुरुस्त करायला डेटाबेस दुसऱ्या खिडकीत उघडला होता आणि बदल सेव्ह न करता तसाच ठेवला होता. एसक्यूलाइटने, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, पाच सेकंद वाट पाहिली आणि 'डेटाबेस इज लॉक्ड' म्हणून लिहायला नकार दिला. तोवर काउंटर पुसला गेला होता.

पहिला उपाय केला तो क्रम तपासण्याचा. चारही मॉक एका मुख्य मॉकला जोडले आणि त्याच्या मॉक_कॉल्सची, म्हणजे आलेल्या हाकांची, यादी ताडून पाहिली. चूक पकडली गेली, पण टेस्ट वाचली तर ती फंक्शनचीच ओळीला ओळ नक्कल. शिवाय मिमी_काढा ला एक आर्ग्युमेंट वाढवून पाहिलं, तर खरा प्रोग्रॅम कोसळतो आणि टेस्ट हिरवीच! ऑटोस्पेक, म्हणजे मॉकला खऱ्या फंक्शनइतकीच आर्ग्युमेंट घ्यायला लावणारी सोय, लावल्यावर तेही पकडलं गेलं. ऑटोस्पेकशिवाय मॉक वापरूच नका, असं माझं आता ठाम मत आहे.

तरी समाधान होईना. रविवारी छतावर बकेटमधली पानं काढताना सुचलं, की कोणी कोणाला हाक मारली याच्याशी मला देणंघेणंच नाही. लिहिणं फसलं तर टिपा शाबूत राहिल्या पाहिजेत, एवढंच मला हवंय. मग तीच टेस्ट लिहिली. काउंटरमध्ये 312 टिपा, मिमी_काढा खरं, डेटाबेसही खरा पण मेमरीतला, आणि त्यात तक्ता मुद्दाम तयार केलेला नाही. नोंदवा पडणारच. त्यानंतर काउंटर 312 च हवा.

चालवली. लाल. '0 == 312'. हरवलेली रात्र त्या एका ओळीत समोर दिसत होती. दोन ओळी जागेवर आणल्या, हिरवी. दुसरी टेस्ट तक्ता असताना: 0.2794 मिमीच्या 312 टिपा, ओळीत 87.2, काउंटर शून्य. पहिल्या फटक्यात हिरवी! जुन्या चारही मॉक टेस्ट पुसून टाकल्या. मॉक आता फक्त प्रोग्रॅम टेलिग्रामवर निरोप पाठवतो तिथे उरलाय, कारण ते दार बाहेर उघडतं.

हे लिहिता लिहिताच आणखी एक भोक दिसलं. नोंद झाली आणि शून्य करण्याआधी लाइट गेली तर? पावसाळ्यात आमच्याकडे ती जातेच. मग तोच पाऊस दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला जाणार. पण मुळात शून्य करायचंच कशाला? विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस मीटर शून्य करत नाही, मागचं रीडिंग वजा करतो. काउंटर चढताच ठेवायचा, रोजच्या ओळीतच रीडिंग लिहायचं, पाऊस म्हणजे दोन रीडिंगमधला फरक. एखादी ओळ चुकली तरी पाणी हरवत नाही, पुढच्या फरकात येतं. चौथी हाक गेली, तिच्याबरोबर क्रमाचं दुखणंही गेलं.

म्हणजे या आठवड्यातलं वाऱ्याच्या सेन्सरचं काम पुढे ढकललं. आधी हे. 'ओळ चुकली तर पुढच्या फरकात दोन्ही दिवस' ही टेस्ट आत्ताच लिहिली, अजून लाल आहे. शनिवारच्या ओळीत काकांचे 91 घातलेत, शेरा 'हाताने मोजलेला'.