तणाचं बी मारायचं तर ढीग ओला हवा

इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या परसात दर पावसाळ्यात माठाचं तण नुसतं उसळून यायचं. मूळ विकतच्या शेणखतात होतं. गुरांनी खाल्लेल्या माठाचं बरंच बी पोटातून जिवंत बाहेर पडतं, आणि खत नीट तापलेलं नसलं की तेच आपल्या वाफ्यात रुजतं. म्हणून खत घरीच करायचं ठरवलं. कंपोस्ट खत करायची जगभर गाजलेली इंदूर पद्धत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साथीनं आपल्याच गावात बसवली, १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तकही आलं. मग आपण का नाही?

पालापाचोळा, शेण, माती, राख असे थर रचून पाणी मारलं. आठवड्याभरात ढिगात खोचलेली लोखंडी सळई हातात धरवेना. थर्मामीटर ६० अंश दाखवत होता.

मला मात्र बी मरतंय का ते बघायचं होतं. माठाचं बी मच्छरदाणीच्या कापडात बांधून पुरचुंडी ढिगाच्या पोटात पुरली. शेजारीच तेच बी कोरडंठाक, काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून ठेवलं. दोघांना ऊब सारखीच. काढल्यावर पुरचुंडीतलं बी नखानं दाबलं तर आतून तपकिरी लगदा आला. बाटलीतलं काळं, चकचकीत, टणक; कुंडीत पेरलं तर त्यातलं बरंचसं उगवलं!

कोरडं बी झोपलेलं असतं, आतली प्रथिनं उष्णता सोसतात. पाणी पिऊन ते जागं झालं की तीच उष्णता त्याला मारते. मे महिन्यात ढिगाची कड उन्हानं तापते खरी, पण वाऱ्यानं सुकते, आणि तिथलं बी तगून राहतं. त्यामुळे पालट देताना मी कडेचा माल आत घालते, सुकला असेल तर आधी भिजवते. मूठभर माल पिळून एखाददुसरा थेंब सुटला की ओल पुरेशी. सगळ्या मालाला किमान तीन दिवस ५५ अंशांची ऊब मिळायला हवी, नुसत्या मध्यालाच मिळून भागत नाही.

टाकळ्याचं मात्र वेगळं. त्याच्या कडक कवचातून पाणीच आत शिरत नाही, त्यामुळे ओल्या ढिगातही त्यातलं काही बी वाचतं. तो मी शेंगा धरण्याआधीच उपटते, आणि शेंगा आलेलं झाड ढिगात घालतच नाही.