अकरा चौकोन

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांचा फोन आला तेव्हा मी रावपुऱ्यात दुसऱ्या कामावर होतो. "अरे, पीसीचा सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, कॅसेटचं काम अडलंय. आता फोटोच उडवतो." म्हटलं, "काका, कशाला हात लावू नका, मी येतोय."

काका आपल्या कीर्तनकार वडिलांच्या जुन्या कॅसेट ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवत होते. डिस्क १२८ जीबीची, म्हणजे विंडोजच्या हिशेबात ११९. पण दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज ७५च्या पुढे जाईना. डिस्कवर कशाने किती जागा खाल्ली ते दाखवणारं विनडरस्टॅट मी लावलं, ॲडमिन म्हणून, नाहीतर काही फोल्डर ते वाचतच नाही. मोजणी चालू असल्याचे पिवळे पॅकमॅन फिरायला लागले आणि काका खुर्ची ओढून बसले. त्यांना सांगितलं, आता डिस्कचा चौकोनी नकाशा उमटेल; असा नकाशा संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात शोधून काढला. १४ जणांत मिळून ८० एमबीची एकच डिस्क होती आणि ती सारखी भरायची. जेवढी फाइल मोठी, तेवढा तिचा चौकोन मोठा.

नकाशा उमटला. एका कोपऱ्यात ढोकळ्याच्या वड्यांसारखे एकाच रंगाचे, जवळजवळ एकाच मापाचे अकरा चौकोन. एकावर क्लिक केलं. विंडोजच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात ऑडॅसिटीचं सेशनडेटा फोल्डर, त्यात ही फाइल, ३.७ जीबी, नावाच्या शेवटी 'अनसेव्ह्ड', म्हणजे सेव्ह न केलेली. ॲपडेटातला असा पसारा मी रोज साफ करतो. अकराही निवडल्या, बोट डिलीटवर गेलं, तेवढ्यात तारखा दिसल्या. सगळ्या रविवारच्या.

"काका, कॅसेट कधी लावता?"

"रविवारी. पण केलेलं सगळं गायब होतंय रे. शेजारच्या मुलाने रेकॉर्ड, स्टॉप आणि आवाज साफ करणं तेवढं दाखवलं. झालं की मी बटण दाबून पीसी बंद करतो. परत उघडलं की काहीतरी विचारतं, मी 'स्किप' करतो."

माझ्या हाताला घाम फुटला. त्या अकरा फाइली म्हणजेच काकांचं 'गायब' झालेलं रेकॉर्डिंग. स्टिरिओ, ३२ बिटमध्ये तासाला सव्वा जीबी लागतो. नव्वद मिनिटांची कॅसेट आणि आवाज साफ केल्यावरची दुसरी प्रत धरली तर बरोबर पावणेचारच्या आसपास. काकांनी एकदा जरी 'डिस्कार्ड' दाबलं असतं तरी सगळं गेलं असतं.

आधी अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतलं. हायबरनेशन (पीसी झोपवताना मेमरी डिस्कवर ठेवायची सोय) बंद करून थोडी जागा केली, ऑडॅसिटी उघडलं आणि 'रिकव्हर' दाबलं. सहावी फाइल लावल्यावर आधी टाळ वाजले, मग एक खणखणीत आवाज. काकू पोळ्या टाकून बाहेर आल्या. काका म्हणाले, "ही कॅसेट प्लेअरने चावली. फीत तुटली म्हणून मागच्या महिन्यात टाकून दिली मी."

कीर्तनाचा पूर्वरंग संपेपर्यंत कुणी बोललं नाही. मग काकांनी चष्मा पुसला, वही पुढे ओढली. "सेव्ह कसं करायचं ते सांग. सावकाश. लिहून घेतो."