तुम्ही विचारलंत म्हणून: भूल न देताच पाय कापायचे का?

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि जुन्या युद्धांमधली सर्जरीची पुस्तकं वाचायचा मला नाद आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, तेव्हा दारू पाजायचे, दातात बंदुकीची गोळी धरायला द्यायचे आणि करवतीने पाय कापायचे ना?" लग्नाच्या पंगतीत विचारलंय, ऑपरेशन थिएटरबाहेर पेशंटच्या नातेवाइकांनी विचारलंय, आमच्या ज्युनियर डॉक्टरांनीसुद्धा विचारलंय. म्हणून आज नीट लिहिते.

नाही. निदान अमेरिकेच्या यादवी युद्धात तरी, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये उत्तर आणि दक्षिणेकडची राज्यं आपसात लढली तेव्हा, बहुतेक मोठी ऑपरेशन्स भूल देऊनच झाली. हुंगवून भूल देण्याचं औषध इथर १८४६ मध्ये बॉस्टनला सगळ्यांसमोर वापरून झालं होतं, पुढच्याच वर्षी एडिनबरोला सिम्प्सन नावाच्या डॉक्टरने क्लोरोफॉर्म हे तसंच दुसरं औषध आणलं, म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा भूल काही नवलाची राहिली नव्हती. विरोध होता, तो आधीच्या, रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात. तिथले ब्रिटिश मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉन हॉल, जे आपल्या मुंबईतली नोकरी करून तिकडे गेले होते, त्यांचं मत असं की सुरीची कळ माणसाला तरतरी देते आणि तो गप्प मरण्यापेक्षा ओरडलेला बरा. हे वाचलं की आजही माझा जीव तुटतो.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं याचं उत्तर भूल देणाऱ्यालाच पटकन कळेल. भूल चढताना मधे एक टप्पा येतो, त्यात माणूस हातपाय झाडतो, बडबडतो, कण्हतो, पण त्याला त्यातलं नंतर काही आठवत नाही. त्यात भूल द्यायची हलकी, काम उरकायचं झटपट, आणि ऑपरेशन उजेडासाठी बाहेर झाडाखाली नाहीतर अंगणात, दाराची फळी टेबल म्हणून टाकून. रस्त्याने जाणाऱ्याला दिसणार काय, चौघांनी दाबून धरलेला ओरडणारा सैनिक. तो तेच घरी पत्रात लिहिणार.

आता पुस्तकांबद्दल. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल ग्रॉस यांनी १८६१ मध्ये लष्करी सर्जरीचं छोटं मॅन्युअल लिहिलं, खिशात मावेल एवढं, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे नऊ दिवसांत. घाई का, तर सैन्यात भरती होणारे कितीतरी डॉक्टर गावातले ताप-खोकला बघणारे, गोळीची जखम त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती. आणि त्या युद्धातली रायफलची गोळी, मिनिए गोळी, म्हणजे मऊ शिशाची, हाडाला लागली की चपटी होऊन हाडाचा चुरा करायची, वर कपड्याच्या चिंध्या आत घेऊन जायची. असा पाय वाचवायला हाड जोडणारी प्लेट नाही, अँटिबायोटिक नाही. लवकर, म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत कापला तर जगण्याची शक्यता जास्त, उशीर केला तर पू होऊन माणूस जायचा. कापाकापीची हौस म्हणून कापत नव्हते हो ते. दक्षिणेकडच्या लोकांनी शत्रूच्या या डॉक्टरचं पुस्तक त्यांच्या राजधानीत, रिचमंडला, आपलं आपण छापून वापरलं.

दक्षिणेचं स्वतःचंही पुस्तक होतं, चार्ल्सटनच्या ज्युलियन चिझम यांचं. बंदरांची नाकेबंदी, क्लोरोफॉर्म मिळणं मुश्कील, आणि रुमालावर ओतलं की अर्धं हवेतच उडून जायचं, म्हणून चिझमनी सुमारे अडीच इंचांचा, दोन्ही नाकपुड्यांत नळ्या जाणारा छोटा इनहेलर केला. औषध संपत आलंय म्हणून भूल बंद करा असं न म्हणता कमी औषधात कशी देता येईल हे बघितलं, याचं मला फार मोठेपण वाटतं.

ग्रॉस यांच्या पुस्तकातलं एक पान मी फर्स्ट एडच्या क्लासमध्ये दरवेळी सांगते. प्रत्येक सैनिकाच्या खिशात सहा इंचांची काठी, रुमाल आणि कापडाची जाड घडी असावी आणि रक्त थांबवायला ते कुठे कसं बांधायचं हे त्याला शिकवावं, काठी नसेल तर ढोल वाजवायची टिपरीसुद्धा चालेल. डॉक्टर पोचेपर्यंत जखमी माणूस आपला आपण जगला पाहिजे, हा विचार १८६१ मधला!

हात मात्र धुवत नव्हते. तोच स्पंज, तेच पाणी, एका जखमेतून दुसऱ्या जखमेत. जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून जंतुनाशक वापरायला शिकवणाऱ्या लिस्टरचं काम १८६७ मधलं, त्यामुळे युद्धातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, पण ग्रॉस १८७६ मध्येही लिस्टरला मानायला तयार नव्हते आणि ते मला माफ करता येत नाही. काठी-रुमालाचा विचार करणाऱ्या माणसाने असं करावं!

परत प्रश्नाकडे येते. २ मे १८६३ च्या रात्री दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांनी जखमी झाला आणि मध्यरात्रीनंतर तंबूत त्याचा डावा हात कापावा लागला. जवळ दिवे, इथर पेट घेणारं, म्हणून क्लोरोफॉर्म. भूल चढताना तो म्हणाला की ही केवढी मोठी कृपा आहे. आठ दिवसांनी तो न्यूमोनियाने गेला. ऑपरेशन त्याच्या सैन्याचे डॉक्टर हंटर मॅग्वायर यांनी केलं हे या विषयात वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, पण क्लोरोफॉर्म कोलमन नावाच्या डॉक्टरने दिलं, आणि हार्वे ब्लॅक नावाचे दुसरे एक डॉक्टर, त्यांचं काम एवढंच होतं की पूर्ण वेळ नाडीवर लक्ष ठेवायचं.